कूलरला कान लावणारं लेकरू

मे महिना, पारा ४५ च्या पुढे. माझा आठ वर्षांचा, ऑटिझम असलेला पोरगा दोन दिवस कूलरच्या पत्र्याला उजवा कान चिकटवून उभा. रडणं नाही, ताप नाही. घरघर आवडत असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग. कान फुटला होता. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "आमच्या पोट्ट्याले काही लागतच नाही." लागतं हो. ऑटिझम असला म्हणून दुखणं कमी होत नाही. कुठे दुखतंय हे उमगणं आणि सांगणं अवघड जातं.

म्हणून रडण्याची वाट पाहू नका, बदल पाहा. एरवी तो कसा झोपतो, काय खातो, कितीदा शी करतो, हे तो बरा असतानाच वहीत लिहून ठेवा. अचानक डोकं आपटायला, हनुवटीवर बुक्क्या मारायला लागला, तर थेरपीचे तास वाढवण्याआधी दात, कान, घसा दाखवून घ्या. सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथा पडत असेल तर बद्धकोष्ठतेचा संशय घ्या. या मुलांत ती बरीच आढळते. शी पातळ होतेय म्हणून निर्धास्त राहू नका, आत साठलेल्या कडक शीच्या खड्यांच्या कडेनंही पातळ झिरपतं. कधी दुखणं बाहेरचंही असतं, बुटात खडा गेलाय का तेही बघा.

"दुखतंय का?" विचारलं की आमचा "दुखतंय का" एवढंच म्हणतो. "कान की पोट?" विचारा, मग उलटं, "पोट की कान?" दोन्ही वेळा शेवटचाच शब्द आला तर ते उत्तर धरू नका. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता आमच्याकडे फसला. त्याला हसरा आवडतो, तोच दाखवतो. शेवटी त्याचाच उभा फोटो मोठा छापून घेतला, दुखतं तिथे त्यावर बोट ठेवतो. त्याची ठेवणीतली वाक्यंही ओळखा. "ऑटो बंद पडला" म्हणजे आमच्याकडे मळमळ. वर्धा रोडवर ऑटो बंद पडला, तेव्हा त्याला उलटी झाली होती.

डॉक्टरांकडे जाताना त्याच्या बदललेल्या वागण्याचा मोबाइलवर व्हिडिओ न्या, तिथे तो हमखास शहाण्यासारखा बसतो. एकदा "ऑटिझममध्ये असं चालायचंच" ऐकून परत आले. आता सरळ सांगते: ऑटिझम कालही होता, हे परवापासून सुरू झालंय, कान-पोट तपासा.

पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, लघवी होईना किंवा पोरगा ग्लानीत गेला, तर वही-फोटो राहू द्या, आधी दवाखाना गाठा.