साध्या सायकलवर वणीच्या गडाला जायचंय? आधी कॉटर पिन बघा

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणारे पुष्कळ. आमची चौकडी जाते सायकलवर, तीही बिनगिअरच्या, अठ्ठावीस इंची, दांडी-ब्रेकच्या काळ्या सायकलवर. अमळनेर, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण आणि नांदुरी, म्हणजे दीड-पावणेदोनशे किलोमीटर. 'गिअरची घ्या ना भाऊ' म्हणणारे दरवर्षी भेटतात. तिचं काही मोडलं की फाट्यावरचा टपरीवाला नुसता हात जोडतो.

तेलपाणी, पंक्चरचं सामान, दशम्या-चटणी हे सांगायला नको. हवा मात्र ठासून भरू नका, तापलेल्या डांबरावर ट्यूब फुटते.

आता कॉटर पिन. पायडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन. पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक्' वाजलं तर ती ढिली झाली. 'नट आवळ, झालं,' हा सल्ला मी पहिल्या वर्षी ऐकला. देवळ्याच्या अलीकडे आवळत गेलो, आटे गेले, पिन चघळली गेली आणि उरलेली वाट सायकल ढकलत काढली. नटाचं काम पिन ओढून बसवायचं नाहीच. पिन बसते हातोडीने. नट तिला फक्त सुटू देत नाही.

नवी पिन घेताना जुनी सोबत न्या, जाडी जुळलीच पाहिजे. काढताना नट पूर्ण काढू नका, टोकापर्यंत उघडून त्यावर ठोका, म्हणजे आटे वाचतात. नवी घालून बघा: वायसर आणि नट बसेल इतके आटे बाहेर येत नसतील तर सपाट बाजूवर कानस फिरवा, पण थोडी-थोडी. जास्त घासली की पिन वाया. दोन्ही पिना उलटसुलट घाला, एकीचा नट वर असताना दुसरीचा खाली. नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत.

ठोकताना दांड्याखाली, पिनेचं टोक आत शिरेल असा जाड पाइपाचा तुकडा जमिनीवर उभा करा. हा टेकू नसला तर मार थेट एक्सलच्या छर्‍यांना बसतो. घरच्या उखळीत मावेल एवढा तुकडा मी कॅरिअरला बांधूनच नेतो. लोक हसतात, हसू द्या. चार सणसणीत टोले, मग नट. वीसेक किलोमीटर चालवून पुन्हा दोन टोले, पुन्हा नट. ही दुसरी खेप बहुतेक जण विसरतात, आणि धुळ्याच्या पुढे 'टक्' सुरू होतं. तसंच दामटलं तर दांड्याचं भोक मोठं होतं, मग नवी पिनही धरत नाही.

पहाटे चारला निघा, दहाला सावली गाठा. धुळे-मालेगाव आग्रा रोडवर ट्रक फार, एकामागे एक चला.

सायकली नांदुरीलाच कुलूप लावून ठेवा. वर दहाएक किलोमीटरचा घाट. चढताना ढकलाल, पण ओझ्यासकट उतरताना दांडी-ब्रेकवर मी तरी जीव सोपवणार नाही. गडावर पायी किंवा एसटीने जा. खाली आलात की निघण्याआधी पिनांना दोन टोले.