गायीला दगडी झाली की आपण करतो त्या चुका, या टाळा

आमच्या वर्धा जिल्ह्यात पाऊस लागला, गोठ्यात चिखल अन् शेणाचा राडा झाला की दर दोन घराआड एकच गोष्ट ऐकू येते, "भाऊ, गायीच्या दुधात छिचडे येऊन रायले." हीच दगडी, म्हणजे जंतूनं कास सुजते तो कासदाह. मंग कोणी हळद चोपडते, कोणी मेडिकलमधून सुई आणते, अन् तोवर एक सड कामातून गेलेला असते. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

पहिले ते छिचडे काय असतात ते बघू. दूध फाटलं असं आपण म्हणतो, पण जंतू सडाच्या भोकातून आत गेला की कासेतल्या पेशी त्याला ओळखतात अन् सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावणंच धाडतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून दुधात उतरतात, जंतू गिळून मारतात अन् स्वतःही तिथंच मरतात. छिचडे म्हणजे याच मेलेल्या पेशी, कासेचं झडलेलं अस्तर अन् गोठलेलं प्रथिन. सूज, ताप, कडक कास हे सगळं त्याच भांडणाचं.

आता सगळ्यात मोठी चूक, छिचडे दिसेपर्यंत थांबणं. निरोगी सडाच्या 1 मिली दुधात साधारण 1 लाखाच्या आत पेशी असतात, 2 लाखाच्या वर गेल्या की आत संसर्ग आहे असं धरायचं, पण तेव्हा दूध डोळ्याला एकदम चांगलं दिसते, फक्त लिटर-दीड लिटरनं कमी भरते अन् आपण म्हणतो ढेप (पेंड) बरोबर नाही आली. घरची धुण्याची पावडर 15 ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात घोळा, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घेऊन तेवढंच हे पाणी टाका अन् मिनिटभर फिरवा. दूध शेंबडासारखं चिकट झालं तर त्या सडात गडबड आहे, कारण साबणानं पेशी फुटतात अन् त्यांच्यातला डीएनए घट्ट होते. पंधरा दिवसातून एकदा करायला काय जाते?

दुसरी चूक माझी, अन् महागातली. गाय आठ महिने पूर्ण झालेली गाभण, मी लोभापायी एक वेळचं दूध काढतच होतो, कास सुजली तर दुकानातून "सूज उतरायची" सुई आणून मारली. सूज उतरली ना, संध्याकाळी गाय चाराही खाऊ लागली, मी खूश, तिसऱ्या दिवशी गाभडली. ते स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं न्यूट्रोफिलला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटता येत नाही, म्हणून जंतू असतो तिथं त्या पोचतच नाहीत, अन् शेवटच्या महिन्यांत त्यानं गाय वेळेआधी विते. डॉक्टरनं बघून दिलं तर वेगळी गोष्ट आहे, आपल्या मनानं नोका करू.

तिसरी चूक, जंतू मारायच्या औषधाचा (अँटिबायोटिकचा) तीन दिवसांचा कोर्स दीड दिवसात बंद करणं. इथं जंतू कोणता हे लय महत्त्वाचं. ई. कोलाय आला तर कास लगेच ओळखते, काही तासांत ताप चढते, गाय बसते, दूध पाण्यासारखं पातळ होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र भुरट्या चोरासारखा, बोंब होतच नाही, पेशी उशिरा अन् थोड्याच येतात, अन् तो कासेच्या पेशीत, कधी तर गिळणाऱ्या न्यूट्रोफिलच्याच पोटात लपून बसते. दूध साफ दिसलं म्हणून औषध थांबवलं की महिन्यानं तोच सड पुन्हा.

रक्ताचा रिपोर्ट आणला अन् पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर "इन्फेक्शन नाही" असंही समजू नका. गायीच्या रक्तात मुळात लिम्फोसाइट (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) जास्त अन् न्यूट्रोफिल कमी, हाडातला राखीव साठाही छोटा, म्हणून जोरदार दगडीत सुरवातीला सगळ्या कासेकडे पळतात अन् रक्तात आकडा पडते.

व्यायच्या आधीचे अन् नंतरचे दोन-तीन आठवडे या पेशी तशाही ढिल्या असतात, त्यात नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर गाय ठेवली तर ताकद कुठून येईल, मिनरल मिक्श्चर तेव्हाच पायजे, विटामिन ई अन् सेलेनियमसकट.

बाकी अंगठा मुडपून पिळू नका, सडाला आतून इजा होते. दगडीवाली गाय सगळ्यात शेवटी पिळा, तिच्या पहिल्या धारा गोठ्यातल्या जमिनीवर नाही, डब्यात. पिळल्यावर सडाचं भोक अर्धा ते एक तास उघडं राहते, म्हणून सड आयोडीनच्या औषधात बुडवा अन् लगेच पुढ्यात चारा टाका, उभी राहिली पायजे. माझी आई पहिलेपासून ढेप पिळायच्या वेळीच द्यायची, आता अर्धी मागं ठेवते, अन् गाय बसायला लागली की घमेलं वाजवते.