कॅलिफोर्नियात हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा कोर्स

आधी सीसीसी अप्लायवर (कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या प्रवेशाच्या वेबसाइटवर) मुलाच्या नावाने अर्ज भरा. मग कॉलेजचा परवानगी फॉर्म घ्या; त्यावर शाळेची आणि पालकांची सही लागते. बहुतेक ठिकाणी तो दर सत्राला नव्याने द्यावा लागतो, आणि नेमकं इथेच घोडं अडतं: सुट्टीत शाळेत सहीला कुणी भेटत नाही. सही मे महिन्यातच उरका.

११ युनिटपर्यंत (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ट्यूशन सहसा माफ असते, पुस्तकांचे पैसे मात्र बाजूला ठेवा.

पहिल्यांदा एकच कोर्स घ्या. झेपत नसेल तर 'डब्ल्यू' (कोर्स मध्येच सोडल्याची गुणपत्रिकेवरची नोंद) न लागता सोडायची तारीख गाठा. नुसतं वर्गात जाणं थांबवलं तर 'एफ' (नापास) बसू शकतो, आणि तो यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) अर्जातही दाखवावाच लागतो.