डॉप्लर रडारवरचे हवाई सर्वेक्षण : तळावर जुळलेल्या आकड्यांवर विसंबू नका

सर्वेक्षणाचे विमान तळावर उतरते, डॉप्लर रडारच्या स्थान दाखवणाऱ्या काउंटरवर निघतानाचेच आकडे दिसतात आणि लॉगमध्ये ‘यंत्रणा ठीक’ अशी नोंद होते. १९६०च्या दशकातला हवाई चुंबकीय डेटा आज पुन्हा वापरायला घेणाऱ्यांनी ही नोंद पुरावा म्हणून मुळीच धरू नये.

डॉप्लर रडार जमिनीकडे तिरके किरण सोडून विमानाचा जमिनीवरचा वेग आणि वाऱ्यामुळे होणारा ड्रिफ्ट (बाजूला सरकणे) मोजते. उत्तर कुठे आहे हे त्याला कळत नाही; दिशा होकायंत्राकडून किंवा जायरोकडूनच (दिशा टिकवून धरणारे फिरते चक्र) मिळते. अँटेना १ अंशाने वाकडा बसला असेल किंवा चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) तेवढाच चुकीचा भरला असेल, तर १०० किलोमीटरला विमान सुमारे १.७५ किलोमीटर बाजूला जाते. मात्र परतीच्या वाटेवर तीच चूक उलटी लागते आणि हिशेब शून्यावर येतो. वेगाचे माप २ टक्क्यांनी चुकत असले तरी तसेच. म्हणजे तळावर आकडे जुळल्याने या दोन्ही स्थिर चुकांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

खरी चाचणी एकाच दिशेच्या लांब उड्डाणाची. नकाशावर नक्की ठाऊक असलेल्या दोन खुणांमध्ये सरळ जा आणि खालच्या कॅमेऱ्याच्या फिल्मवरून प्रत्यक्ष जागा काढा. लांबीतला फरक वेगाच्या मापाचा, बाजूचा फरक दिशेचा. नंतर काटकोनातली दुसरी रेषा उडवा, कारण होकायंत्राची चूक दिशेनुसार बदलते. जुन्या डेटात प्रत्येक रेषेच्या आरंभी स्थान नव्याने भरलेले असेल आणि येत्या-जात्या रेषा एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला लांब जात असतील, तर आधी दिशेचा संशय घ्या.

लोहखनिजाच्या भागात हा प्रश्न फार अवघड होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सली पर्वतरांगेत आपण जे शोधतो, तेच होकायंत्राला ओढते. तिथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक ३०,००० नॅनोटेस्लाच्या आसपास आहे; खडकांमुळे त्याला काटकोनात १,००० नॅनोटेस्लाची भर पडली, तरी दिशा जवळपास २ अंशांनी ढळते. जायरो होकायंत्राला हळूहळू अनुसरत असेल तर छोटे झटके सरासरीत निघून जातात, पण खनिजाच्या पट्ट्यालगत बराच वेळ उडताना जायरोही त्याच्यामागे वळतो. अशा वेळी जायरो होकायंत्रापासून तोडून मोकळा ठेवणे मला अधिक योग्य वाटते, पण पृथ्वीच्या फिरण्याची दुरुस्ती भरलीच पाहिजे. तिथल्या २२ अंश दक्षिण अक्षांशावर ती तासाला सुमारे ५.६ अंश येते. दुरुस्तीचा स्विच चुकून उत्तर गोलार्धावर राहिला, तर चूक नाहीशी न होता दुप्पट होते, तासाला ११ अंशांहून जास्त.

पाण्यावर मापलेला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी येतो; त्यासाठी जमीन-समुद्र असा स्विच असतो. किनारा ओलांडताना तो बदलायचा राहतो. पाणी अगदी संथ असेल तर किरण पुढेच निघून जातात, प्रतिध्वनी मिळत नाही आणि यंत्र ‘मेमरी’त जाऊन शेवटचा वेग व ड्रिफ्ट तसाच धरून ठेवते. तीव्र वळणातही तेच घडते. काउंटर पुढे सरकत असल्याने वैमानिकाला ते जाणवत नाही, म्हणून मेमरीचा दिवा कधी लागला आणि कधी विझला याच्या वेळा लॉगमध्ये शोधा. त्या वेळांमधली रेषा फिल्मवरच्या खुणांवरून नव्याने आखा. खुणाच नसतील तर तो तुकडा नकाशातून वगळा.