जपानमधला वीकेंड आणि ‘बघू तिथे गेल्यावर’ : या चुका टाळा

दर शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास टोकियोतल्या आमच्या निशि-कासाईच्या भारतीयांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: उद्या एका दिवसात कुठे जाऊन येता येईल? विचारणाऱ्याला जपानमध्ये येऊन जेमतेम चार-सहा महिने झालेले असतात. फोनमध्ये रेल्वे-बसचं भाडं टेकवून भरायचं सुइका कार्ड असतं आणि ‘बघू तिथे गेल्यावर’ एवढाच काय तो बेत असतो. लोणावळ्याला हे खपून जातं. इथे सगळं आधी ठरलेलं आणि छापून लावलेलं असतं, आणि कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या शुक्रवारी नुसतं फॉरवर्ड करता येईल.

सुइका कुठेही चालतं, पण कुठूनही कुठेही नाही

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. सुइका आणि तसंच पास्मो, ही कार्डं साप्पोरोला चालतात, ओसाकाला चालतात, फुकुओकालाही चालतात. पण एका विभागात कार्ड टेकवून आत शिरायचं आणि दुसऱ्या विभागात बाहेर पडायचं, हे जमत नाही. टोकियोहून पश्चिमेला जाणाऱ्या तोकाइदो रेल्वेमार्गावर ही हद्द आतामीला आहे. अलीकडे जेआर ईस्ट, पलीकडे जेआर सेंट्रल, दोन वेगळ्या रेल्वे कंपन्या. काही साध्या गाड्या आतामी ओलांडून थेट नुमाझूपर्यंत जातात. हद्द लागली म्हणून गाडी काही तुम्हाला खाली उतरवत नाही, आणि तुमचं लक्ष समुद्राकडे असतं.

आमच्या ऑफिसातला एक जण भारतातून आलेल्या आई-वडिलांना आतामीच्या पलीकडचा मिशिमाचा झुलता पूल दाखवायला निघाला. ४०० मीटर लांबीचा पूल, समोर फुजी, बेत झकास होता. कागदी तिकीट काढ म्हणून मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. "दादा, आता तिकीट कोण काढतं?" असं उत्तर मिळालं. मिशिमाला तिघांच्याही तोंडावर फाटक बंद झालं. खिडकीपाशी रांग. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितलं, टोकियोतल्या शिनागावा स्टेशनपासूनचं तिघांचं पूर्ण भाडं रोख भरा. याच्या खिशात रोख नाही, सगळा कारभार फोनवर. एटीएम फाटकाबाहेर. शेवटी विनवण्या करून हा एकटा बाहेर गेला आणि म्हातारा-म्हातारी आत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, बॅगा धरून उभी.

भाडं भरलं तरी प्रकरण संपत नाही. कार्डावर ‘शिनागावाला आत शिरला’ ही नोंद तशीच राहते. ती पुसून घ्यायची तर सुइकाच्या हद्दीतल्या स्टेशनवर परतायचं आणि पैसे भरल्याचा कागद दाखवायचा. तोवर पुढच्या फाटकावर ते कार्ड चालत नाही. या सगळ्यात पुलाकडे जाणारी बस निघून गेली. पुढच्या बसने पोचेपर्यंत फुजी ढगात गेलेला. उन्हाळ्यात तो दुपारी बहुधा ढगातच असतो, हेही मी सांगितलं होतं.

मी स्वतः हद्द ओलांडायची असली की निघतानाच कागदी तिकीट काढतो. वेळ लागतो, पण खिडकीपुढच्या रांगेपेक्षा कमी. शिवाय पाकिटात हजाराच्या नोटा ठेवतो. दहा हजारांची एकच नोट घेऊन फिरणाऱ्यांनी गावाकडच्या बसमध्ये चढून बघावं. तिथलं यंत्र हजाराच्याच नोटेचे सुटे देतं आणि ड्रायव्हर आपला माफी मागत राहतो.

दिवाळीला जाऊन नवा परवाना

भारतातून आणलेला गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालतो, दोन्ही देश १९४९च्या जिनिव्हा करारात आहेत. पण जपानमध्ये उतरल्यापासून एकच वर्ष, किंवा परवान्याची मुदत, यातलं जे आधी संपेल तेवढंच. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची ‘युक्ती’ मात्र दरवर्षी कुणीतरी नव्याने शोधतो: दिवाळीला दोन आठवडे पुण्याला जायचं, आरटीओतून नवा परवाना आणायचा, की झालं नवं वर्ष सुरू.

होत नाही. इथे रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस किमान तीन महिने जपानबाहेर राहून आला असेल, तरच वर्ष नव्याने मोजलं जातं. दोन आठवड्यांच्या फेरीने काहीही बदलत नाही आणि तुमचा कोरा करकरीत परवाना म्हणजे नुसता कागद. त्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. व्हिसाच्या नूतनीकरणाला त्याची सावली पडते ती वेगळीच.

एकाला तर भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच अडवलं. मिनीव्हॅन ठरलेली, सहा जण, डबे भरलेले. काउंटरवरच्या बाईंनी झायर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) आणि पासपोर्टवरचे शिक्के पाहिले, तारखा मोजल्या आणि गाडी मिळणार नाही म्हणून सांगितलं. ग्रुपवर मग त्या बाईंच्या नावाने शिमगा झाला. माझ्या मते त्यांना पेढे द्यायला हवे होते. त्यांनी किल्ली दिली असती आणि वाटेत पोलिसांनी थांबवलं असतं तर?

सरळ रस्ता एकच: भारतीय परवान्याचं भाषांतर करून घ्यायचं, जपानी परवान्यासाठी अर्ज करायचा, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यायची. ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ९० टक्के उत्तरं बरोबर लागतात. आधी दहाच प्रश्न होते आणि सात पुरायचे, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत बसलेले आता हळहळतात. प्रत्यक्ष परीक्षेत ‘मी पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलीय’ वाले हमखास आपटतात. परीक्षकाला तुमची मान वळलेली दिसावी लागते, नुसते डोळे फिरवून भागत नाही.

फुजी, पहिल्याच उन्हाळ्यात

"आम्ही सह्याद्रीत ट्रेक केलेत." मान्य. पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि फुजी ३,७७६. फुजीवर चढायच्या योशिदा वाटेचा पाचवा टप्पा, म्हणजे जिथून लोक चालायला सुरुवात करतात, तोच सुमारे २,३०० मीटरवर आहे. रात्रभर न थांबता चढून सूर्योदय गाठायचा हा आवडता आचरटपणा आता त्या वाटेवर जमतच नाही: दुपारी दोन ते पहाटे तीन फाटक बंद, वरच्या झोपडीत मुक्कामाचं आरक्षण असेल तरच सोडतात. शिवाय चार हजार येन शुल्क. मी नवख्यांना आधी टोकियोजवळचा ताकाओसान डोंगर करायला सांगतो. ५९९ मीटर ऐकून त्यांचं तोंड पडतं, ते पडू द्यावं.

शाकाहारी आहात? मग पाकिटाची मागची बाजू वाचा

मांस नाही म्हणजे शाकाहारी, हा इथला सर्वसाधारण समज. मिसो सूप, उदोन नूडल्सचं पाणी, भाज्यांचे उकडलेले प्रकार, सगळ्यांत बहुधा कात्सुओ माशाची दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, असते. कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, उमेच्या (आंबट प्लमच्या) ओनिगिरीतही (भाताच्या गोळ्यातही) माशाचा अर्क सापडतो. लोक पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर भाषांतरासाठी फोन धरतात, तिथे मासा दिसला नाही की खुशाल खातात. त्या चौकटीत दूध, अंडी, गहू, कोळंबी वगैरे सांगणं सक्तीचं आहे, पण मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. वाचायचे ते घटक पदार्थ. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) यांच्या दाशीवरचं जेवण निर्धास्त खावं. बाकी प्रवासात माझ्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या असतात. त्याला हसणारेच दुपारी दोनला त्या मागून घेतात.

उरलेल्या चुका, थोडक्यात

आई-बाबांना न मोजता रेल पास घेऊन देऊ नका. ऑक्टोबर २०२३च्या दरवाढीत सात दिवसांचा पास ५०,००० येनवर गेला. नुसतं टोकियो-क्योतो जाऊन-येऊन त्याच्या जवळपासही पोचत नाही. तुम्हाला तर तो मिळतच नाही, तो पर्यटकांसाठी आहे.

गोल्डन वीक (एप्रिल-मेच्या सुट्ट्या), ओबोन (ऑगस्टमधला पितरांचा सण) आणि नववर्षाच्या गर्दीत नोझोमी या बुलेट ट्रेनचे सगळे डबे आरक्षित असतात. ‘उभ्याने जाऊ’ म्हणून आरक्षणाशिवाय निघू नका.

सरायीत जेवण सहा-सातला असतं. साडेआठला पोचून "काही मिळेल का?" विचारू नका.

संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद. सोमवारी सुटी आली तर मंगळवारी.

सहलीहून रात्री परत आल्यावर खोलीतला कचरा ‘उद्या सकाळी कोण उठणार’ म्हणून रात्रीच बाहेर ठेवू नका. कावळे पिशव्या फोडतात आणि तो कचरा कोणाचा हे शेजारच्या आजींना नक्की माहीत असतं. तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका, ते घट्ट करायची पावडर दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानात मिळते.

आणि गणपतीला घरी निघालात तर विमानतळावरच्या फॉर्मवर ‘परत येणार आहे’ या चौकटीत खूण करा, झायर्यू कार्डही दाखवा. घाईत ती खूण राहिली आणि पुनर्प्रवेशाचा वेगळा परवानाही काढलेला नसला, तर तुमचा राहण्याचा दर्जाच संपतो, आणि परत यायला व्हिसा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.