मुंबई इलाख्यात बायकांना मत कसं मिळालं, यावर प्रोजेक्ट करायचाय?

आधी एक करा, १९५० ची राज्यघटना बाजूला ठेवा, नाहीतर सगळी गोष्ट तिथेच उरकते. सुरुवात १९१७ पासून करा, सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ बायकांच्या मतासाठी मद्रासला माँटेग्यूला (ब्रिटिश सरकारचा भारतमंत्री) भेटलं तिथून. पुढे मत कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या साउथबरो कमिटीने बायकांना मत नको म्हटलं, मग १९१९ मध्ये हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या, तिथे साक्ष दिली, सभा घेतल्या. यावर जास्त लिहा कारण खरा मसाला इथेच आहे (मिठन पुढे बॅरिस्टर झाली ते पण टाका). आता बरेच जण इथे गंडतात, १९१९ च्या भारत सरकार कायद्याने बायकांना थेट मत दिलंच नाही, निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रास आणि मुंबईने १९२१ मध्ये बायकांना मत द्यायचे ठराव केले. पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेच्या रमाबाई रानडेंना विसरू नका, या मागणीसाठी त्याही झटत होत्या. आणि 'सगळ्या बायकांना मत मिळालं' असं तर अजिबात लिहू नका, मालमत्तेची अट होती त्यामुळे मोजक्याच बायका यादीत आल्या. जुनी सरकारी कागदपत्रं बघायची तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य अभिलेखागार आहे, जाताना ओळखपत्र ठेवा.