खाणीचा गाळ आलेल्या शेतात खाण्याजोगे पीक कसे घ्यावे

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत पाऊस लागला की लोहखनिजाच्या डंपांवरचा (खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवरचा) तांबडा गाळ व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात उतरतो. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ८८ लिजांवरचे (खाणपट्ट्यांवरचे) खाणकाम थांबले. डंप मात्र जागच्या जागी राहिले.

म्हणून पहिले काम मे महिन्यातले. पाणी शेतात शिरते तिथे, मेरेच्या (बांधाच्या) बाहेर, गाळ बसायला खड्डा खणा. आधीच साचलेला जाड थर खरवडून काढा. वाळल्यावर त्याचा पापुद्रा धरतो आणि मुळांना हवा मिळत नाही. काढलेला गाळ व्हाळात टाकू नका, खालच्या शेजाऱ्याचेही शेत आहे.

मग माती तपासा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनाने काढा. लोखंडी खोऱ्याने आकडे बिघडू शकतात. सगळी मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. इथे बरेच जण फसतात. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (आंबटपणाचे माप), नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त वगैरे बारा गोष्टी येतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक त्यांत नसतात. ती तपासणी वेगळी मागून घ्या, विहिरीच्या पाण्याचीही. यांतले एकही जास्त निघाले तर तिथे खाण्याचे पीक नकोच.

माती आंबट निघाली तर अहवालात सांगितला असेल तेवढाच चुना पेरणीआधी दोन-तीन आठवडे मिसळा, शेणखत त्यानंतर. खाणमातीत सेंद्रिय अंश नावालाच असतो. ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गाडला तर जमीन लवकर सुधारते.

भातात पाणी सतत तुंबले की लोह विरघळून मुळांत शिरते. खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस ठिपके दिसले की पाणी काढून आठवडाभर जमीन वाफशावर (ओलसर पण पाणी न साचलेली) आणा, पालाश कमी पडू देऊ नका. कॅडमियम असलेल्या मातीत मात्र हा उपाय उलटतो: पाणी काढले की तेच दाण्यात जास्त जाते.

वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, भेंडी, दुधी, चवळीच्या शेंगा घ्या. फळात जड धातू सहसा कमी उतरतात, पानांत जास्त. तांबडी भाजी, पालक, मुळा अहवाल चांगला आल्यावरच. आणि पानावर बसलेली तांबडी धूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा. ती मुळातून आलेली नसते, पण पोटात जातेच.